बोलता येईल अशी एक खोली

माननीय जिल्हाधिकारी, वर्धा, यांचे सेवेशी



ज्या कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीत सदतीस वर्षे मी लोकांचे अर्ज नोंदवून घेतले, त्याच कचेरीकडे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचा अर्ज करण्याची, आणि तोही रीतसर टेबलावर न देता अनावृत पत्राच्या रूपाने चव्हाट्यावर मांडण्याची वेळ माझ्यावर यावी, याचा मला थोडा संकोच वाटतो. परंतु अर्जाचा विषयच असा आहे की तो कोणत्या शाखेकडे वर्ग करावा हे मलाही ठरविता येत नाही; तो सर्वस्वी आरोग्याचा नाही, शिक्षणाचा नाही, महसुलाचा तर नाहीच; आणि कोणत्याच शाखेचा नसलेला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा फिरत राहतो, आणि शेवटी कोणत्या कपाटावर विसावतो, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार? मागणी एका खोलीची आहे. खोली मोठी नको, सुशोभित नको, वातानुकूलित तर नकोच नको. तिच्यात मोठ्याने बोलता आले पाहिजे, एवढीच तिची अर्हता.

आता कैफियत सांगतो.

गेल्या दिवाळीपासून माझ्या घराच्या व्हरांड्यात रोज सायंकाळी पाच मुली अभ्यासास बसतात. त्यांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. आमच्या घरात त्या गावाच्या नावानेच ओळखल्या जातात : एक हिंगणघाटची, एक आर्वीची, एक सेलूची, एक समुद्रपूरची आणि पाचवी जिल्ह्याबाहेरची, कळंबची. पाचहीजणी परिचारिका. तिघींनी चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेला, दोघींनी तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका घेतलेली. शिक्षण संपले त्या महिन्यात वसतिगृह सुटले, आणि दिवसा खाजगी दवाखान्यांतून तुटपुंज्या पगारावर काम करून राहिलेल्या वेळात परीक्षेचा अभ्यास करावयाचा असेल तर तो कोठे, हा प्रश्न उभा राहिला. प्रथम त्या एका अभ्यासिकेत गेल्या. आपल्या शहरात अभ्यासिकांचा सुकाळ आहे. तलाठी भरतीपासून लोकसेवा आयोगापर्यंतच्या परीक्षांना बसणारी शेकडो मुले प्लायवूडच्या आडव्या-उभ्या फळ्यांनी केलेल्या कप्प्यांतून दिवसदिवस मान खाली घालून बसलेली असतात आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. या पाचजणींनी आठ दिवसांत तीन वेळा शांतता मोडली, आणि चौथ्या वेळी व्यवस्थापकांनी त्यांचे पैसे परत करून त्यांना वाटेला लावले. मी त्या गृहस्थांना दोष देत नाही. त्यांच्या पाटीशी ते इमानदार राहिले. दोष असेल तर तो या समजुतीचा आहे, की अभ्यास म्हणजे एकट्याने, मुकाट्याने आणि बसून करावयाची गोष्ट.

नर्सिंगचा अभ्यास या तिन्ही प्रकारे होत नाही, हे ज्ञान मला गेल्या काही महिन्यांत झाले. तत्पूर्वी मीही त्याच समजुतीचा होतो.

त्यांच्या परीक्षांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण सर्वसामान्य वाचकास त्यातील भेद माहीत नसतो. आपल्या राज्यात परिचारिकेस सनद मिळते ती महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदपुस्तकात नाव चढले म्हणजे. विद्यापीठाची किंवा मंडळाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कागदपत्रे मुंबईस जातात आणि नोंदणी होते. त्यासाठी निराळी परीक्षा नाही. या पाचही मुली त्या अर्थाने सनदी आहेत. पुढे मात्र वाटा फुटतात. दोघी ‘एम्स’च्या नॉर्सेट परीक्षेची तयारी करीत आहेत, एक राज्यशासनाच्या अधिपरिचारिका भरतीची, आणि उरलेल्या दोघी अमेरिकेच्या ‘एन-क्लेक्स’ची, जी खऱ्या अर्थाने सनदेची परीक्षा होय, कारण ती उत्तीर्ण झाल्यावाचून त्या देशात कोणाच्याही नाडीस हात लावता येत नाही. या शेवटच्या परीक्षेची रचना ऐकून मी चकित झालो. संगणक प्रत्येक उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर उत्तर दिले तर अधिक कठीण, चुकले तर सोपा. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास, आणि योग्यतेविषयी संगणकाची खात्री पटली की, बाजूने असो वा विरुद्ध, तो मध्येच थांबतो. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोन उमेदवारांची प्रश्नपत्रिका एक नसते. माझ्या काळातील नक्कल करणाऱ्यांचा धंदाच या यंत्राने बुडविला असता. परीक्षा इतकी एकाकी, आणि तिची तयारी मात्र पाचजणींनी एका सतरंजीवर बसून करावयाची, हा विरोधाभास मला प्रथम कळेना. तो कळला सलाईनच्या हिशेबावरून.

हिशेब असा : ५०० मिलिलिटर द्रव आठ तासांत द्यावयाचा आहे, मिनिटाला थेंब किती? आर्वीच्या मुलीने कागदावर १६ असे उत्तर काढले. गणित बरोबर होते. मी पडताळून पाहिले, आकडेमोड हा माझा जन्माचा व्यवसाय आहे. हिंगणघाटची मात्र म्हणाली, “अगं, तू पंधराचा सेट धरला. आपल्या वॉर्डातला सेट वीसचा राहते. पाकिटावर छापलेलं असते, पाहिलं नाही का कधी?” परदेशी सराव-पुस्तकात एका मिलिलिटरला १५ थेंब पाडणारा संच धरलेला होता, आणि तिच्या हातातून रोज जाणारा संच २० थेंबांचा. वीसाच्या हिशेबाने उत्तर २१ येते. वीसाच्या संचावर १६ थेंब ठेवले, तर आठ तासांची बाटली सुमारे साडेदहा तास चालेल. ही चूक पुस्तकाची नव्हती आणि गणिताचीही नव्हती. ती पुस्तक आणि वॉर्ड यांच्या मधल्या फटीत पडलेली होती, आणि त्या फटीत एकट्या बसणाऱ्याचे लक्ष जात नाही. इन्सुलिनचे त्याहून गंभीर. आपल्याकडील कुपीत एका मिलिलिटरला ४० एकके असतात, अमेरिकेत १००. चाळीसच्या सिरिंजमध्ये शंभरच्या कुपीतले इन्सुलिन भरले तर मात्रा अडीचपट जाते. समुद्रपूरच्या मुलीने हे वाक्य इतरांकडून दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेतले, आणि अकराव्या वेळी माझ्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून ते बिनचूक म्हटले.

माझे काम प्रश्न वाचण्याचे. मला इंग्रजी वाचता येते आणि वैद्यकातले काही कळत नाही, त्यामुळे माझ्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखता येत नाही, ही माझी पात्रता. शिवाय रक्तदाब मोजण्याच्या सरावासाठी माझा दंड सदैव उपलब्ध असतो. या जिल्ह्यात माझ्याइतक्या वेळा कोणाचा रक्तदाब मोजला गेला असेल असे मला वाटत नाही. व्हरांड्यातील लाकडी दिवाणावर सेलूची मुलगी पक्षाघाताचा रुग्ण होऊन पडते आणि बाकीच्या तिला कुशीवर वळवितात, पाठीखाली उशी देतात, आणि वळविताना कोणाचा हात कोठे असावा यावर कडाक्याचा वाद घालतात. रस्त्याने जाणारे प्रारंभी थबकून पाहत. आता पाहत नाहीत.

कपाशीच्या फवारणीचा प्रसंग सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. विषबाधेचा प्रश्न होता : बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, श्वासात घरघर; परिचारिकेने प्रथम काय करावे? पुस्तकी उत्तर चौघींना ठाऊक होते : श्वासमार्ग मोकळा ठेवावा, विषाने भिजलेले कपडे उतरवून अंग धुवावे, ते करताना स्वतःच्या हातांचे रक्षण करावे, अॅट्रोपिनची तयारी ठेवावी. कळंबची मुलगी गप्प होती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतमजुरांचे जे मृत्यू झाले, त्या वेळी ती शाळेत होती आणि तिच्या गल्लीतील एक माणूस बैलगाडीतून नेताना तिने पाहिला होता. ती हळूहळू सांगू लागली, की त्याच्या सदऱ्याला कसा वास होता, आणि लोकांनी त्याला पाणी पाजले, पण सदरा कोणी काढला नाही. त्यानंतर त्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणीही कधी चुकेल, असे मला वाटत नाही. अशी गोष्ट प्लायवूडच्या कप्प्यात सांगता आली नसती.

आणि एकदा तर एका प्रश्नावर रात्रीचे नऊ वाजले. वृद्ध स्त्रीस कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आहे. मुलगा परिचारिकेस बाजूला घेऊन सांगतो की आईस कळू देऊ नका. ती आई मात्र विचारते, ‘मला काय झाले आहे?’ सराव-पुस्तकाचे उत्तर निःसंदिग्ध होते : परिचारिकेची पहिली निष्ठा रुग्णाशी असते, आप्तांशी नव्हे, त्या स्त्रीस किती जाणून घ्यावयाचे आहे हे तिलाच विचारावे. हिंगणघाटची म्हणाली, आपल्याकडे असे केले तर नातेवाईक वॉर्डात दंगा करतील. सेलूची म्हणाली, करू देत. माझ्या आजीला आम्ही सांगितले नव्हते आणि ती जाताना विचारीत होती की तुम्ही सगळे रडता का. मी पुस्तक मिटून बसलो. उत्तर कोणते लिहावे याचा निर्णय पाच मिनिटांत झाला, कारण गुण हवे होते. वॉर्डात काय करावे याचा निर्णय त्या रात्री झाला नाही, आणि माझ्या मते तो वादच त्या पुस्तकातील सर्वांत मोलाचा धडा होता.

परिचर्येची परीक्षा घ्यावी की नाही हा वाद जुना आहे, आणि या मुलींमुळे मी म्हातारपणी त्याच्या मागे लागलो. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने प्रत्येक नर्सिंग विद्यालयात दिवा लावून शपथ घेतली जाते, ती बाई परीक्षा आणि नोंदणी यांच्या विरुद्ध होती, हे मला ठाऊक नव्हते. १८८७ साली एथेल फेनविक यांनी ब्रिटिश परिचारिकांची संघटना स्थापून शासकीय नोंदपुस्तकाची मागणी केली, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी तिला कसून विरोध केला. रुग्णाच्या उशापाशी प्रकट होणारे शील परीक्षेच्या कागदावर उतरत नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. न्यूझीलंडने १९०१ मध्ये कायदा केला, खुद्द इंग्लंडने १९१९ मध्ये, आणि त्या इंग्रजी नोंदपुस्तकात पहिले नाव लागले ते फेनविकबाईंचे. मुंबई इलाख्यात असा कायदा १९३५ साली आला, आणि अखिल भारतीय परिषदेचा १९४७ साली. सदतीस वर्षे नोंदपुस्तके सांभाळलेल्या माणसाचा कल फेनविकबाईंकडे असणे स्वाभाविक आहे. नोंद नसेल तर कोणीही सुई घेऊन उभा राहील. परंतु नाइटिंगेलबाईंची शंका खोटी होती असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. परीक्षेने जे मोजता येत नाही ते तयारीच्या काळात, सोबतीने, वाद करीत शिकले जाते, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि हे वर्ध्यात सांगावे लागावे? आपल्या कचेरीपासून सेवाग्राम दोन कोसांच्या आतबाहेर. तेथे आश्रमाच्या आवारात परचुरेशास्त्र्यांची कुटी आजही उभी आहे. महारोगाने जर्जर झालेला तो संस्कृत पंडित आश्रयास आला, तेव्हा गांधीजी स्वतः त्याच्या अंगास मालिश करीत. ज्या काळी लोक अशा रुग्णाच्या सावलीस भीत, त्या काळी. परिचर्या ही कनिष्ठांवर सोपविण्याची गोष्ट नव्हे, हा पाठ त्या कुटीत दिला गेला. कस्तुरबांच्या अखेरच्या आजारात आगाखान महालात त्यांच्या उशाशी असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी पुढे सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय उभे केले; १९४५ साली स्त्रिया व बालके यांच्यासाठी पंधरा खाटांवर त्याचा आरंभ झाला, आणि त्यातील एका खाटेवर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. त्याच सुमारास, १९४६ साली, देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीने सरकारला कळविले होते की या देशात सुमारे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे. माझ्या आईच्या वाट्याला ती एक आली, हे माझे भाग्य. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना परिचर्या शिकावयास पाठविले ते याच्याही कितीतरी आधी. आणि नुसते पाठवून त्या बाई थांबल्या नाहीत, त्यांच्या एकत्र राहण्याची सोय लावली. घरच्यांचा विरोध, समाजाची कुचेष्टा आणि रात्रीची पाळी ही तीन ओझी एकटीला पेलत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

आपण म्हणाल, की ज्या मुली अमेरिकेस निघाल्या त्यांना जिल्ह्याने खोली का द्यावी? आक्षेप रास्त आहे, आणि मोकळेपणाने सांगतो, मलाही त्यांचे जाणे टोचते; हिंगणघाटच्या मुलीचा हात माझ्या दंडावर ज्या हलकेपणाने पट्टा बांधतो, तो हात आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात असावा असे मला वाटते. परंतु २०२४ साली राज्यशासनानेच जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आहे. शासन पाठवू इच्छिते आणि मुलगी जाऊ इच्छिते, मग मध्ये मी कोण? शिवाय परीक्षेपासून प्रत्यक्ष प्रस्थानापर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज लोटतात, आणि तेवढा काळ त्या शिकलेले येथल्याच रुग्णांवर खर्च करतात. ज्या पाचजणींचा अभ्यास एकत्र होतो त्यांतील तिघी तर परदेशी जाणारच नाहीत. खोलीत बसणारीचे पारपत्र तपासू नये, एवढीच विनंती.

माझ्या स्वतःच्या परीक्षेची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. मी १९६८ साली कनिष्ठ लिपिक म्हणून कचेरीत रुजू झालो, तेव्हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होऊन वर्षही झालेले नव्हते. त्याआधी विदर्भात मध्यप्रदेशचा १९५४ चा कायदा चालत असे. केस पांढरे झालेले शिरस्तेदारही नव्या कलमांपुढे माझ्याइतकेच नवखे होते. विभागीय परीक्षेसाठी आम्ही चौघे लिपिक सायंकाळी अभिलेख कक्षात बसत असू. एकाने कलम वाचावे, दुसऱ्याने त्यावर खटला रचावा, तिसऱ्याने कूळ व्हावे, चौथ्याने तहसीलदार. आणि भांडण इतके रंगावे की पहारेकऱ्याने कंदील घेऊन यावे. त्या काळच्या एका नायब तहसीलदारांनी, कोणताही लेखी आदेश न काढता, किल्ली आमच्या हाती दिली होती. चौघेही उत्तीर्ण झालो. त्या किल्लीची कोठेही नोंद नाही. म्हणून ती येथे करून ठेवतो.

आता तजवीज. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार-रविवार आपल्या आवारातील खोल्या कुलूपबंद असतात, आणि इतर दिवशी सव्वासहानंतर. त्यांपैकी रस्त्याच्या बाजूची, उजेडातली एक खोली शनिवारी व रविवारी दिवसा, आणि इतर दिवशी साडेसहा ते नऊ, परिचर्येच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींसाठी उघडी ठेवावी. मुलगेही आहेत, त्यांना विसरू नये. खोलीत एक फळा, एक सतरंजी आणि दोन ट्यूबलाइट पुरेत. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जडवस्तू नोंदवहीत निर्लेखनाच्या प्रतीक्षेत असलेली एखादी लोखंडी खाट आणि सलाईनचा एक स्टँड असेलच. निर्लेखित वस्तू भंगारात काढण्याऐवजी या खोलीकडे वर्ग करण्यास कोणत्या नियमाची आडकाठी येते हे मी शोधून पाहिले, मला सापडली नाही. खर्चाचे शीर्ष शोधण्याचीही गरज पडू नये. वर्ध्यात हे जमले तर हिंगणघाट आणि आर्वीच्या उपविभागीय कार्यालयांतही जमेल. तेथून निघालेल्या मुलीला शेवटची एस.टी. गाठण्यासाठी अभ्यास अर्ध्यावर सोडावा लागतो, तो मग लागणार नाही. आणि भिंतीवर पाटी लावावयाचीच असेल, तर ‘येथे बोलावे’ अशी लावावी.

माझा व्हरांडा आहेच. परंतु पावसाळ्यात त्यात ओल येते, आणि गेल्या महिन्यापासून आणखी चौघीजणी विचारून गेल्या आहेत. सतरंजीवर जागा नाही.

किल्ली कोणाच्या ताब्यात द्यावी हा प्रश्न फाईलवर उपस्थित होईल, तो होतोच. माझे नाव लिहावे. मी खोलीच्या वेळेआधी येऊन पोच देऊन किल्ली नेईन आणि वेळ संपताच पहारेकऱ्याकडे जमा करीन. माझे सेवापुस्तक आपल्याच आस्थापना शाखेत आहे. सदतीस वर्षांत किल्ली हरवल्याची नोंद त्यात नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून, वर्धा